निबंधपुस्तक आणि सार्वजनिक संस्था

सार्वजनिक संस्थेची सरकारदरबारीं नोंद करावयाची, दरसाल हिशेब दाखवावयाचा, विश्वस्त बदलले कीं तें कळवावयाचें, ही सर्व इंग्रजी अमलाची देणगी होय असा सामान्य समज आहे. तो अर्धाच खरा आहे. नोंदीची रीत आपल्याकडे फार जुनी आहे; तिच्यांतील सक्ती तेवढी अलीकडची होय, आणि तीहि एकदम आलेली नाहीं.

कौटिल्यानें अक्षपटलाध्यक्षाचीं कर्तव्यें सांगतांना देश, ग्राम, जाति, कुल व संघ यांचे धर्म, व्यवहार, चरित्र व संस्थान हीं निबंधपुस्तकांत नमूद करून ठेवावीं असें म्हटलें आहे. आज मराठींत नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यास ‘निबंधक’ म्हणतात तो शब्द याच धातूचा. मुलांकडून निबंध लिहवून घेण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्या मास्तरास या शब्दाचा दुसरा अर्थ ध्यानांत यावयास बराच काळ लागतो! याज्ञवल्क्यहि राजानें भूमि किंवा निबंध दिला असतां पुढें येणाऱ्या राजांच्या माहितीसाठीं पटावर वा ताम्रपटावर लेख करून ठेवावा असें सांगतो.

शास्त्रांतील विधि व्यवहारांत होता कीं नाहीं, अशी शंका घेणारांनीं नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताचा लेख पाहावा. क्षत्रप नहपान याच्या या जांवयानें भिक्षुसंघास लेणें अर्पण करून ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेविली. पैकीं २००० गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक व १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें दिले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याजच खावयाचें. दोन हजारांचें वर्षाचें व्याज २४० होतें, व लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं द्यावे असें लेखांत आहे. हिशेब चोख जुळतो. आमच्या विषयास महत्त्वाचा भाग पुढें आहे. हा सर्व व्यवहार निगमसभेंत ऐकविला व रीतीप्रमाणें फलकावर निबद्ध केला, असें तेथें कोरलें आहे. म्हणजे राजाचा जांवई दान करतो, पण त्याची नोंद नगराची सभा ठेवते. नोंद कोणी ठेवावी, हा प्रश्न तेव्हां जसा सुटला तसा पुढें सुटला नाहीं.

इंग्रजी अमलांतील पहिली मोठी चौकशी इनाम कमिशनची. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें तिला अधिकार मिळाले, आणि सनदा दाखवा नाहींतर इनाम जाईल, या धाकानें घरोघरचे दप्तर बाहेर आलें. त्या चौकशीनें लोकांस जाच झाला हें खरेंच. पण तिच्यासाठीं लिहिलेल्या कैफियती व याद्या यांवर आज आपण संशोधन करतों, हेंहि खरें.

१८६० चा २१ वा कायदा अगदीं निराळ्या वृत्तीचा आहे. वाङ्मयीन, शास्त्रीय व धर्मादाय मंडळ्यांसाठीं तो झाला. सात इसमांनीं एकत्र यावें, उद्देशपत्रावर सह्या कराव्या, फी भरावी, आणि दरसाल कार्यकारी मंडळाची यादी पाठवावी, इतकेंच त्याचें मागणें. नोंदणी करा अशी सक्ती नाहीं. केल्यास मंडळीस कोर्टांत उभें राहण्याची सोय होते. पुस्तकालयें, वाचनालयें, पदार्थसंग्रहालयें त्याच्या उद्देशांत बसत. राजकीय शिक्षणाचा उल्लेख मात्र मूळांत नव्हता. तो १९२७ च्या दुरुस्तीनें आंत आला.

पुण्यापुरतें पाहूं गेल्यास सार्वजनिक सभेचें उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. पर्वती संस्थानच्या पंचांच्या कारभाराविषयीं तक्रारी होत्या. त्या सरकारपुढें मांडावयाच्या तर मांडणारे कोणाचे प्रतिनिधि, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्यांतून २ एप्रिल १८७० रोजीं सभा स्थापन झाली. निदान ५० इसमांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणील तोच सभासद, असा नियम होता. पहिल्या ९५ सभासदांच्या मागें सुमारें ६००० सह्या होत्या. देवस्थानच्या हिशेबाच्या तक्रारींतून राजकीय संस्था जन्मास यावी, हें पुण्यासच शोभतें. १८९५ मध्यें सभा टिळकपक्षाच्या हातीं गेली, पुढल्या वर्षींच्या दुष्काळांत तिनें रयतेस फॅमिन कोडांतील सवलती समजावून सांगण्याचें काम चालविलें, आणि १८९७ मध्यें मुंबई सरकारनें, सार्वजनिक धोरणाविषयीं सरकारास लिहिण्याचा अधिकार असलेली संस्था म्हणून आपण हिला यापुढें ओळखीत नाहीं, असें जाहीर केलें. सभा बंद पडली नाहीं. मान्यता ही सरकारची मर्जी होती, ती गेली. मुखत्यारपत्रांवर सरकारचा हात पोंचत नव्हता.

विश्वस्तांच्या कारभारास आळा घालण्यास १९०८ च्या दिवाणी संहितेचें ९२ वें कलम होतें. पण त्यासाठीं अॅडव्होकेट जनरलची संमति घेऊन दावा लावणें आलें. १९३५ च्या मुंबईच्या कायद्यानें नोंदणीची सक्ती प्रथम आणिली, व १९५० च्या २९ व्या कायद्यानें (सध्यां ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा’) ती पुरी केली. १८६० खालीं नोंदलेल्या धर्मादाय मंडळ्याहि त्याच्या व्याख्येंत आल्या, त्यामुळें एकाच संस्थेची दोन ठिकाणीं नोंद होऊं लागली. बदल झाल्यास ९० दिवसांत कळविणें आलें, आणि नोंद नसलेल्या न्यासाचा दावा कोर्टानें ऐकूं नये असेंहि ठरलें. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यांत १९५४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कायद्याचा मुख्य सांगाडा मान्य केला व न्यासांकडून घ्यावयाची वर्गणी कर नव्हे, फी होय असें ठरविलें. धर्मादाय आयुक्तासच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद मात्र टिकली नाहीं. हा निवाडा प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटतो. नोंद ठेवणारानेंच मालमत्ता सांभाळावयाची तर नोंदीची साक्ष कोणी द्यावयाची?

आतां हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं लक्ष द्यावें असा मुद्दा. १९५० च्या कायद्याच्या ३६ व्या कलमान्वयें न्यासाची स्थावर मिळकत पूर्वपरवानगीवांचून विकतां, बदलतां वा बक्षीस देतां येत नाहीं. हें कलम स्थावरापुरतेंच आहे. पडक्या वाड्याच्या चार खणांस जें संरक्षण आहे तें पोथ्यांच्या रुमालास नाहीं. १९७२ चा पुराणवस्तुविषयक कायदा ७५ वर्षांच्या महत्त्वाच्या हस्तलिखितास पुराणवस्तु मानतो व परदेशीं नेऊं देत नाहीं. तथापि सक्तीची नोंदणी आहे ती सचित्र पोथ्यांची, साध्या बखरीची किंवा मोडी कागदांची नव्हे. राहिली ती न्यासाच्या नोंदणीच्या वेळीं द्यावयाची चल मालमत्तेची यादी. तींत ‘जुने कागद व पोथ्या, अदमासें किंमत अमुक’ अशी एक ओळ घालून चिटणीस मोकळा झाला, तर दहा रुमाल गेले काय आणि राहिले काय, त्या ओळीस कळणार नाहीं.

म्हणून घरचा संग्रह संस्थेस देणारानें केवळ आभाराचें पत्र घेऊन समाधान मानूं नये. दानपत्र करावें, त्यास पोथीवार यादी, पत्रसंख्या, आद्यन्त व लेखनकाळ यांसह जोडावी, आणि ती यादी संस्थेच्या दप्तरांत व धर्मादाय कार्यालयांत दाखल झाल्याची प्रत मागावी. १८६० च्या कायद्याप्रमाणें संस्था मोडल्यास तिची मालमत्ता सभासदांत वांटतां येत नाहीं, दुसऱ्या संस्थेस द्यावी लागते. त्या दिवशीं कपाट उघडणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातीं ती यादीच असावयाची.