गिअरबॉक्समधला देवमासा

इंजिनाचं ऑइल ठरावीक मैलांनी बदलायचं असतं, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. विसरलो तर पुढच्या काचेच्या कोपऱ्यातला स्टिकर आठवण करून देतो. पण त्याच गाडीत आणखीही दोन-तीन ठिकाणी तेल असतं. एक गिअरबॉक्समध्ये, दुसरं डिफरन्शियलमध्ये, आणि चारही चाकांना जोर पोचवणारी गाडी असेल तर बहुतेक वेळा तिसरं ट्रान्स्फर केसमध्ये. त्यांची आठवण कुठलाही स्टिकर करून देत नाही. साधी गाडी हे दुर्लक्ष पुष्कळ वर्षं सहन करते. तुमच्या घरात कुणी मस्टँग, कॉर्व्हेट किंवा सुबारू डब्ल्यूआरएक्स घेतली असेल आणि ती जोरात चालवली जात असेल, तर ती मात्र इतकी सोशिक नसते.

हे तेल घरच्या गराजमध्ये स्वतः बदलता येतं. काम एका दुपारचं आहे. अडचण येते ती दुकानात उभं राहिल्यावर. फळीवर वीस प्रकारचे डबे असतात. एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५, तिसऱ्यावर डेक्सरॉन लिहिलेलं असतं. सगळे 'गिअरसाठी', आणि एकाच्या जागी दुसरं चालेलच असं नाही. ही अक्षरं कुठून आली ते समजलं की गोंधळ संपतो. त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात आपल्याच शब्दापासून करू. वंगण. मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासून बैलगाडीच्या आसाला वंगण लावलं जात होतं, नाहीतर चाक कुरकुरायचं आणि आस झिजायचा. त्यातलं एक नेहमीचं तेल म्हणजे एरंडेल. आपल्याला ते लहानपणी पोट साफ करायला पाजलं जाई, पण धातूला चिकटून राहण्याचा त्याचा गुण फार मोठा. १८९९ साली चार्ल्स वेकफिल्ड यांनी लंडनमध्ये वंगणाची कंपनी काढली. पुढे दहा वर्षांनी त्या कंपनीने एरंडेल मिसळून मोटारी आणि विमानांसाठी तेल केलं आणि 'कॅस्टर'वरूनच त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिलं. आज जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते. म्हणजे मोटारीच्या तेलाशी आपलं नातं काही परकं नाही.

अमेरिकेत १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली. तिच्यात गिअरबॉक्ससाठी वेगळं तेल नव्हतंच. इंजिनाचं तेल तेच गिअरचं. तेल मोजायला पट्टीही नव्हती. खाली वर-खाली अशा दोन छोट्या तोट्या होत्या. वरच्या तोटीतून तेल आलं तर भरपूर आहे, खालच्यातूनही आलं नाही तर ताबडतोब घाला, असा सोपा हिशोब. मालकाने गाडीखाली शिरणं हे त्या काळी गृहीतच धरलेलं होतं. ही गाडी शेतकऱ्याने घ्यावी आणि त्यानेच दुरुस्त करावी, अशीच तिची घडण होती.

मग गाड्या बुटक्या आणि वेगवान व्हायला लागल्या. इंजिनाकडून मागे जाणारा दांडा खाली आणायचा तर मागच्या डिफरन्शियलमधलं छोटं पिनिअन मोठ्या क्राउन व्हीलच्या मध्यरेषेखाली बसवायला हवं होतं. रॉचेस्टरच्या ग्लीसन कारखान्याने तसे दाते कापण्याची पद्धत तयार केली, आणि १९२६-२७ च्या सुमारास पॅकार्ड कंपनीने हे हायपॉइड गिअर आपल्या गाड्यांत आणले. गाडी खाली आली, आवाजही कमी झाला. पण यातले दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. साधं तेल तिथे पुसून निघतं आणि धातूला धातू भिडतो. उपाय रसायनशास्त्राने दिला. तेलात गंधक, क्लोरीन, शिसं, फॉस्फरस यांची संयुगं घालायची. दाते तापले की ती धातूशी संयोग पावून एक पातळ थर तयार करतात. झिजतो तो थर, दाता वाचतो. डिफरन्शियलचं जुनं तेल काढताना कुजक्या अंड्यासारखा वास आला तर नाक मुरडू नका. तो याच गंधकाचा आहे.

त्याच सुमारास गिअरबॉक्समध्ये दुसरी क्रांती झाली. त्याआधी गिअर बदलताना दाते खरखरायचे आणि ते टाळायला हातात कसब लागायचं. अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरने सिंक्रोमेश शोधला आणि १९२८ साली तो कॅडिलॅकमध्ये आला. यात पितळेची एक कडी शंकूवर घासून दोन गिअरांचा वेग आधी सारखा करते, मग ते एकमेकांत बसतात. म्हणजे इथे घर्षण हवं आहे. तेल फार निसरडं झालं तर कडी घसरते आणि गिअर खरखरतात. शिवाय डिफरन्शियलला जे गंधक जपतं, ते तापल्यावर पितळेला खाऊ शकतं.

दुकानातल्या फळीवरचा गोंधळ इथेच जन्मला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत जीएल-५ म्हणजे हायपॉइड डिफरन्शियलसाठीचं तेल. त्यात दाब सोसणारी रसायनं जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतात. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून जीएल-५ 'जास्त चांगलं' असं समजून ते पितळी कड्यांच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतणं ही नेहमी घडणारी चूक आहे. हे आकडे परीक्षेतले गुण नव्हेत, ते कामाचं वर्णन आहे. सुबारूच्या मॅन्युअल गाड्यांत तर सिंक्रोमेश आणि पुढचं हायपॉइड डिफरन्शियल एकाच पेटीत असतात. तिथे एकाच तेलाला दोन सासवा सांभाळाव्या लागतात. म्हणूनच तिथे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं तेल सोडून स्वतःची अक्कल चालवू नये.

आता देवमाशाकडे येऊ. याच अर्ल थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक हा संपूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स तयार केला. १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये तो ५७ डॉलर जास्त देऊन मिळत असे. पुढे युद्धात तो रणगाड्यांतही बसला. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेलाला तीन नोकऱ्या एकदम कराव्या लागतात. वंगण घालायचं, दाब पोचवून झडपा हलवायच्या, आणि आत तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या एकमेकींना हळुवार पण ठाम पकडतील एवढंच घर्षण राखायचं. १९४९ साली जनरल मोटर्सने या तेलासाठी 'टाइप ए' हे मानक ठरवलं. तिसऱ्या नोकरीसाठी तेव्हा सर्वांत चांगला पदार्थ होता स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल. ते खरं तर द्रवरूप मेण आहे. धातूला घट्ट चिकटतं आणि उष्णतेत लवकर बिघडत नाही.

कोकणात अधूनमधून 'व्हेल माशाची उलटी' विकताना माणसं पकडली जातात आणि वर्तमानपत्रात कोटींचे आकडे छापून येतात. ती उलटी, म्हणजे अंबर, याच माशापासून मिळते. या माशाची शिकार अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात दिव्यांसाठी झाली, हे अनेकांनी वाचलेलं असतं. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर, डेट्रॉइटमधून निघालेल्या गाड्यांचे गिअर झटका न देता पडावेत म्हणूनही तो मारला जात होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. गाडी चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. डबा उघडला तर आत फक्त लाल तेल दिसायचं. लाल रंग एवढ्यासाठीच, की जमिनीवर थेंब पडले तर ते इंजिनातले की गिअरबॉक्समधले ते लगेच कळावं.

१९७० साली अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि त्याच्या तेलाची आयात बंद झाली. तेल बनवणाऱ्यांची धावपळ उडाली. देवमाशाशिवायचं डेक्सरॉन-२ आलं, पण सुरुवातीच्या मिश्रणाने रेडिएटरमधल्या कूलरचे डाख दिलेले जोड गंजायला लागले आणि पुन्हा सुधारणा करावी लागली. त्याच काळात ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात वाढणाऱ्या जोजोबा या झुडपाकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वळलं, कारण त्याच्या बियांतलं तेलही द्रवरूप मेणच आहे. शेवटी प्रयोगशाळेत बनवलेल्या रसायनांनी ही जागा भरून काढली. देवमासा वाचला तर गाड्या चालणार नाहीत अशी भीती कुणाला वाटली असेल, तर ती खोटी ठरली. आजचं तेल त्या काळच्या तेलापेक्षा कितीतरी जास्त टिकतं.

देवमाशाने केलेलं काम आजही तुमच्या हातातल्या छोट्या बाटलीत असतं. जोरदार गाड्यांमध्ये एकच चाक जागच्या जागी फिरू नये म्हणून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असतं. पुष्कळ गाड्यांत त्यात क्लचच्या चकत्या असतात. १९९७ च्या कॉर्व्हेटचं उदाहरण घ्या. तिच्या डिफरन्शियलमध्ये गिअर ऑइलबरोबर घर्षण जुळवणारं वेगळं मिश्रण घालावं लागतं. ते विसरलात तर पार्किंगमध्ये वळताना मागून कण्हल्यासारखा आवाज आणि थरथर येते. गंमत म्हणजे त्याच गाडीच्या सहा गिअरांच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये कंपनीने स्वयंचलित गाड्यांचं लाल डेक्सरॉन सांगितलं होतं. नावावरून निष्कर्ष काढू नये, तो असा.

आता प्रत्यक्ष काम. गाडी चार-पाच मैल फिरवून आणा, तेल कोमट झालं की ते नीट वाहतं. गाडी सपाट जागी, चारही बाजूंनी सारख्या उंचीवर, भक्कम जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. मग सर्वांत महत्त्वाचा नियम: तेल भरायचं वरचं बूच आधी सोडवून पाहा, त्यानंतरच खालचं काढा. खालचं उघडून तेल सांडून बसलात आणि वरचं गंजून अडकलेलं निघालं, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. खालच्या बुचाला बहुधा चुंबक असतो. त्यावर राखाडी मऊ लगदा असेल तर ती रोजची झीज आहे, पुसून टाका. बोटाला टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा दिसला तर मात्र गाडी जाणकाराला दाखवा. नवा वायसर घाला, बूच टॉर्क रेंचने सांगितलं असेल तेवढंच आवळा. मॅन्युअल गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल बहुतेक गाड्यांत वरच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरायचं असतं. २००३ च्या फोक्सवॅगन गोल्फ आर-३२ पासून विक्रीच्या गाड्यांत आलेल्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचं तसं नाही. तिथे तेलाची पातळी ठरावीक तापमानाला तपासतात आणि ते तापमान वाचायला छोटं यंत्र लागतं.

इथे कुणीतरी म्हणेल, आमच्या गाडीच्या कागदात तर 'लाइफटाइम' तेल लिहिलंय. कुणाचं आयुष्य, हा खरा प्रश्न आहे. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक नामांकित गाड्यांचे स्वयंचलित गिअरबॉक्स बनवते. त्यातल्या काही गाड्या विकणारे तेलाला आजन्म म्हणतात, आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदलायला सांगते. मैलांत ते साधारण ५० ते ७५ हजार होतात. जोरात चालवली तर त्याआधीच.

वॉरंटी जाईल ही दुसरी भीती. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, तुम्ही स्वतः तेल बदललंत किंवा दुसऱ्या कंपनीचं योग्य दर्जाचं तेल वापरलंत, एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही. चुकीच्या तेलाने नुकसान झालं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून पावत्या जपा, तारीख आणि मैल लिहून ठेवा. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली गाडी दुरुस्तीची माहिती मालकाला आणि बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळावी म्हणून मोठ्या बहुमताने कौल दिला, आणि २०२० साली पुन्हा दिला. मॉडेल टीच्या मालकाला जो हक्क आपोआप मिळाला होता, तो आज मतपेटीतून मागावा लागतो आहे. वापरला नाही तर असा हक्क हळूहळू कागदावरच उरतो.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतात. इथेही आपण ड्राइव्हवेत ते हौसेने करतो. ज्या वस्तूला हार घालतो तिच्या पोटात काय आहे हेही पाहावं, मुलामुलींना पाना हातात देऊन दाखवावं, असं मला वाटतं. पाच-सहा हजार मैलांची बढाई मारणाऱ्या पोराला चुंबकावरचा राखाडी लगदा एकदा दाखवा. वेगाची किंमत कोण मोजतं, ते त्याला भाषणाशिवाय कळेल.

आणि काम झाल्यावर एक शेवटचं पाऊल विसरू नका. काढलेलं तेल घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि गाड्यांचे भाग विकणाऱ्या दुकानात किंवा गावच्या संकलन केंद्रात नेऊन द्या. पुष्कळ ठिकाणी ते फुकट घेतात आणि त्याचं शुद्धीकरण होतं. एका ऑइल चेंजमधलं वापरलेलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, असं इथली पर्यावरण संस्था ईपीए सांगते. या तेलापायी समुद्राने एकदा पुरेसं सोसलेलं आहे. रस्त्याकडेच्या गटारात ओतलेलं तेलही शेवटी तिकडेच पोचतं.