शंभर वर्षांची मागणी

गरिबाच्या हाताला काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे कुणी म्हटले तर आज नवल वाटत नाही. पण ही गोष्ट कायद्यात यायला आपल्याकडे शंभर वर्षे लागली. पुस्तकात नसलेला हा धडा मी वर्गात सांगत असे. आज तुम्हाला सांगतो.

१८७६-७७ चा दख्खनचा दुष्काळ. सरकारने रस्ते, तलाव अशी कामे काढली होती. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल आले आणि त्यांनी खर्च वाचवायला मजुरी घटवली. दिवसभराच्या कष्टाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर किरकोळ पैसे! मुंबई इलाख्यातल्या सुमारे लाखभर मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणसांचा तो संप होता.

त्यांची बाजू मांडली ती १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि न्या. रानडे तिचे आधार. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे पत्रांमागून पत्रे धाडली. पुढे दुष्काळ आयोगाचा १८८० चा अहवाल आला, त्यातून दुष्काळ संहिता झाली. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी तीच संहिता ‘केसरी’तून शेतकऱ्यांना समजावून दिली. सभेचे लोक खेडोपाडी गेले. सरकारला हे इतके झोंबले, की १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. लोकांना त्यांचा हक्क सांगणे हाच गुन्हा!

मग १९७२ चा दुष्काळ. तो आमच्या पिढीने पाहिला. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, मिलोची लाल भाकरी... लोणारच्या आसपास वेगळे काही नव्हते. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर आली. शहाद्याच्या श्रमिक संघटनेसारख्या संघटना काम आणि मजुरी मागत रस्त्यावर होत्या. १९७७ साली कायदा झाला. टेंपलसाहेबांच्या त्या पौंडाला तेव्हा नेमकी शंभर वर्षे झाली होती.

पैसा आला तो व्यवसाय करातून. आम्हा मास्तरांच्या पगारातूनही तो कापला जाई. स्टाफरूममध्ये कुरकुर होई, पण मला ती कपात कधी जड वाटली नाही.

ही योजना देशोदेशीच्या अर्थतज्ज्ञांनी अभ्यासली. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी महाराष्ट्राच्या त्या दुष्काळावर लिहिले. राजस्थानच्या मजूर किसान शक्ती संघटनेसारख्यांनी देशभर रेटा लावला आणि २००५ साली केंद्राचा कायदा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला.

कायदे बदलतात. पण आमच्या भागातली कुटुंबे अजूनही ऊसतोडीला जातात आणि पोरांची शाळा सुटते. सार्वजनिक काकांच्या सभेने केले ते शेवटी काय? मागणाऱ्याची मागणी कागदावर नीट उतरवली. लिहिता-वाचता येणाऱ्या आपणा सर्वांना एवढे तरी जमेल. शेजारच्या मजुराला कामाचा अर्ज लिहून द्यावा, आणि त्याची तारखेसह पोच घ्यायला लावावी. पोच नसेल तर मागणी झालीच नाही, असे म्हणायला कचेरी मोकळी असते.