जलसा: तमाशाच्या साच्यातून समतेचा प्रचार

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्याचे विचार निरक्षर खेड्यांत पोहोचवले ते जलशांनी. साचा तमाशाचाच, ढोलकी-तुणतुण्यासह. मात्र गणात गणपतीऐवजी निर्मिकाचे स्तवन आणि वगात भटजी-सावकारांच्या लुबाडणुकीची खिल्ली. शृंगाराला फाटा दिला तरी गर्दी हटत नसे, हे विशेष.

विसाव्या शतकात हीच वाट आंबेडकरी जलशांनी धरली. नाशिककडचे भीमराव कर्डक त्यांतले अग्रणी. महाडचा १९२७ चा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा १९३० चा लढा, मुलांचे शिक्षण हे विषय सवाल-जवाबांतून वस्त्यावस्त्यांत गेले. छापील पत्रकांना हे साधले नसते. कर्डकांनी या जलशांचा इतिहास पुढे स्वतःच लिहून ठेवला.