हेडफोनचे कूळ

आजच्या घाटाचा हेडफोन जन्माला आला तो स्वयंपाकघरात. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नॅथॅनियल बाल्डविन याला चर्चच्या अफाट सभागृहात प्रवचन नीट ऐकू येईना. त्यातून तो आवाज मोठा करण्याच्या खटपटीला लागला आणि १९१० साली हाताने बनवलेला हेडफोन त्याने अमेरिकी नौदलाकडे धाडला. कानाच्या एकेका डबीत जवळजवळ मैलभर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली, डोक्यावर चामड्याने मढवलेल्या दोन काड्या. नौदलाने मागणी नोंदवली, पण घरच्या ओट्यावर एका वेळी दहाच नग तयार होत. पेटंट घ्या म्हटले, तर एवढ्याशा वस्तूचे कसले पेटंट, म्हणून त्याने तेही नाकारले. गोल डब्या, उघड्या काड्या, चामडे हा आज ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवणारा घाट त्या ओट्यावरचा.

महाराष्ट्राच्या कानाला रेडिओही हेडफोनच्याच काळात लागला. ऑगस्ट १९२१मध्ये मुंबईहून संगीताचा खास कार्यक्रम प्रक्षेपित झाला आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. पुढे २३ जुलै १९२७ला मुंबई केंद्र सुरू झाले. स्वस्तातला श्रोता क्रिस्टल सेट वापरी. त्यात गॅलेनाचा खडा आणि त्यावर टेकवलेली टोकदार तार असे. वीज लागत नसे, पण आवाज इतका क्षीण की हेडफोनशिवाय गत्यंतर नव्हते. १९३७मध्ये जर्मनीत बायर कंपनीने आवाजाच्या पडद्यालाच तारेचे वेटोळे जोडले. आजही बहुतेक हेडफोन याच रीतीने बोलतात. १९५८मध्ये अमेरिकेत कॉसने स्टीरिओ हेडफोन आणला, १९७९मध्ये वॉकमन या खिशातल्या कॅसेट प्लेअरने तो रस्त्यावर नेला.

वॉकमनला दोन पेन्सिल सेल लागत, आणि इथे भंडारा जिल्हा या कथेच्या अगदी जवळ येतो. साध्या सेलमधली काळी भुकटी म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघणारे हे खनिज ड्राय बॅटरीच्या उद्योगाला जाते.

दुसरे नाते पितळेचे. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात कल्हई कुणाला समजावून सांगावी लागत नाही. जुना हेडफोन नव्याने बांधताना तारांना डाग द्यायला तेच कथील हाती येते. फक्त कल्हईला नवसागर लागतो, इथे राळच हवी. नवसागराने तार सडते. हेडफोनच्या तारेवर रंगीत लाखेचा थर असतो. तो जाळल्याशिवाय डाग धरत नाही. तारेचे टोक वितळलेल्या कथलाच्या थेंबात धरायचे; बारीक धूर निघतो, रंग उडतो आणि तार रुपेरी होते. मग बहुधा लाल तार उजव्या कानाला, हिरवी किंवा निळी डाव्याला, तांब्याच्या रंगाची सामाईक.

डबी पितळेची करावीशी वाटेल. दिसते देखणी, पण जड होते आणि आवाजाबरोबर स्वतःही वाजते. आतून नमदा चिकटवावाच लागतो. माझे मत सागवानाला. गादीत मात्र कुचराई नको. ती कानाभोवती घट्ट बसली नाही, तर डग्गा विरतो आणि नुसती चाटी ऐकू येते. सेकंडहँड हेडफोन ‘पातळ’ वाजतो तो बऱ्याचदा या झिजलेल्या गादीमुळे, आणि लोक दोष देतात पडद्याला.

म्हणून जुना हेडफोन भंगारवाल्याला देण्याआधी एवढे करा. मल्टिमीटर लावून दोन्ही कानांचा रोध तपासा. साध्या हेडफोनला तो बहुतेकदा ३२ ओहमच्या आसपास असतो. दोन्ही बाजूंना असा रोध दिसला आणि तो सारखा निघाला तर वेटोळी शाबूत आहेत. वायर, जॅक, गादी, पट्टा, डबी हे सगळे घरी बदलता येते.