पत्ता यंत्राचा, माग माणसाचा

इंटरनेटवर काहीही मागवायचे तर आधी स्वतःचा पत्ता द्यावा लागतो. उत्तर कुठे धाडायचे हे समोरच्या यंत्राला कळल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. इंटरनेटवरच्या खासगीपणाची सारी गुंतागुंत इथूनच सुरू होते. पत्ता दिल्याशिवाय भागत नाही, आणि दिलेला पत्ता कोण, कशासाठी, किती काळ जपून ठेवील यावर देणाऱ्याची सत्ता चालत नाही.

१९८१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलच्या, म्हणजे यंत्रांचे पत्ते ठरवणाऱ्या आयपी या नियमावलीच्या, चौथ्या आवृत्तीचे विनिर्देश प्रसिद्ध झाले, तेव्हा पत्त्यासाठी ३२ बिट ठरले. म्हणजे सुमारे ४३० कोटी पत्ते. मोजक्या संशोधनसंस्थांच्या त्या जाळ्याला ते भरपूर होते. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले. टंचाईवर तोडगे दोन निघाले: एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून वापरणे आणि १२८ बिटांची सहावी आवृत्ती आणणे. खासगीपणावर या दोहोंचा परिणाम मात्र उलटसुलट झाला.

पत्ता सामायिक असला की नुसत्या पत्त्यावरून माणूस सापडत नाही. त्या पत्त्यामागची नेमकी जोडणी दाखवणारा पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळही लागते. सहाव्या आवृत्तीत सुरुवातीला नेमके याच्या उलट घडले. यंत्राने स्वतःचा पत्ता स्वतःच तयार करावा, या सोयीसाठी नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक क्रमांक घेतला जाई, त्याच्या मधोमध १६ ठरावीक बिट घातले जात, एक बिट उलटवला जाई, की पत्त्याचे शेवटचे ६४ बिट तयार. लॅपटॉप घरून महाविद्यालयात गेला, तिथून विमानतळावर गेला, तरी हा उत्तरार्ध तोच राही. गाव बदलले तरी अंगावरची खूण बदलू नये, तसे हे होते. यावर उपाय म्हणून २००१ मध्ये नार्टेन आणि ड्रेव्हज या अभियंत्यांनी यादृच्छिक, ठरावीक काळाने बदलणाऱ्या तात्पुरत्या पत्त्यांची पद्धत मांडली. आजच्या बहुतेक फोन-संगणकांत तिचेच सुधारित रूप चालते.

तंत्राने एवढे केले तरी पत्त्याला नाव जोडणारी नोंदवही सेवापुरवठादाराकडे असतेच. २००७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांविषयी ऑर्कुट या समाजमाध्यमावर आलेल्या बदनामीकारक मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. आयपी पत्त्यावरून काढलेली ग्राहकाची माहितीच चुकीची होती. निरपराध माणसाला सुमारे ५० दिवस कोठडीत काढावे लागले. नोंद खरी असली तरी ती ग्राहकाचे नाव सांगते. त्या क्षणी यंत्रापुढे कोण बसले होते, हे सांगत नाही.

कायद्याला हा प्रश्न टाळता आलेला नाही. व्यक्ती ओळखण्यासाठी लागणारी जादा माहिती मिळवण्याचा कायदेशीर मार्ग संकेतस्थळाच्या चालकाकडे असेल, तर बदलता आयपी पत्तासुद्धा त्याच्या हाती वैयक्तिक माहितीच ठरतो, असा निर्वाळा युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपण्याचे निर्देश दिले. हक्क आणि तपास यांची ही ओढाताण अजून चालूच आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने प्रत्येक योजनेला तीन प्रश्न विचारावेत: पत्ता कोणाला दिसतो, तो कशाशी जोडला जातो, आणि ती जोडणी कधी पुसली जाते? सुरुवात स्वतःच्या यंत्रापासून करावी. सहाव्या आवृत्तीचा पत्ता घरी आणि बाहेर टिपून उत्तरार्ध ताडून पाहावा. पुढे मात्र अभियंत्याने कायद्याची प्रकरणे वगळू नयेत आणि वकिलाने बिटांची.