मेल कुठे राहतो? वेबमेल उभारणीच्या अभ्यासाची प्रस्तावना

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ला, ब्राउझरमध्ये चालणारं हॉटमेल सुरू झालं. आपल्याकडे बहुतेकांनी पहिला मेल पाहिला तो ब्राउझरमध्येच. त्यामुळे मेल म्हणजे एक संकेतस्थळ, अशी समजूत रुजली आणि ती अजून टिकून आहे. या विषयात शिरणाऱ्यानं आधी ती सोडावी. ब्राउझरमध्ये दिसणारा वेबमेल हा मेल वाचायचा आणि लिहायचा प्रोग्रॅम आहे. मेल त्याच्याकडे नसतो.

मेल असतो सर्व्हरवरच्या पेट्यांमध्ये. बाहेरून आलेला मेल पोस्टफिक्स घेतो, डव्हकॉट तो पेटीत सांभाळतो, आणि राउंडक्यूब हा वेबमेल आयमॅप या भाषेत डव्हकॉटला विचारून तो पडद्यावर मांडतो. ही भाषा मार्क क्रिस्पिन यांनी १९८६मध्ये स्टॅनफर्डला घडवली. वाचण्यासाठी ९९३ क्रमांकाचं पोर्ट, पाठवण्यासाठी ५८७. राउंडक्यूबच्या स्वतःच्या डेटाबेसात पत्त्यांची वही, वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी आणि लॉगिनची नोंद अशाच गोष्टी असतात. म्हणून राउंडक्यूब पुसून पुन्हा बसवला तरी एकही पत्र हरवत नाही. हे ज्याला उमगलं, त्याला बिघाड कुठे शोधायचा हेही कळलं: लॉगिन होत नसेल तर डव्हकॉटची नोंदवही उघडा, पत्र जात नसेल तर पोस्टफिक्सची.

फुकटची खाती असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न भंडारा, तुमसर, साकोली, पवनीतला वाचक विचारेल, आणि तो रास्त आहे. उत्तर कार्यालयांच्या कपाटाजवळ सापडतं. एखाद्या पतसंस्थेचा, वाचनालयाचा किंवा शाळेचा सगळा पत्रव्यवहार लिपिकाच्या खासगी खात्यात चालतो. त्याची बदली झाली की वर्षानुवर्षांची पत्रं त्याच्याबरोबर जातात. स्वतःचं डोमेन आणि त्यावरची खाती असली, तर पत्र संस्थेचं राहतं. मला हेच या विद्येचं खरं प्रयोजन वाटतं.

मराठीचा प्रश्न वेगळा आणि फार रोचक आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये लिहिलेलं पत्र तो फाँट नसलेल्या संगणकावर अगम्य खुणा होऊन पोचतं. युनिकोडनं ते संकट टळलं. पण शोधाची अडचण उरली. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द धानाच्या या भंडारा जिल्ह्यात दर दुसऱ्या पत्रात येतो. त्यातलं ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतं: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि हलन्तानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. सर्व्हरला मात्र ते दोन वेगळे शब्द, म्हणून एका तऱ्हेनं शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेली पत्रं सापडत नाहीत. संस्थेनं टंकनाची एकच पद्धत ठरवून घ्यावी. सर्व्हर बसवणाऱ्याचं हे काम नाही असं समजू नये. डेटाबेसचा अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ हाच ठेवावा. मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ८मध्ये देवनागरी मावते, कारण तिचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. चार बाइटचे इमोजी मात्र मावत नाहीत.

बसवणं एका दुपारचं काम. राखणं वर्षानुवर्षांचं. कोहळी समाजानं बांधलेले इथले मामा (माजी मालगुजारी) तलाव मालगुजारी गेल्यावर देखभालीविना गाळानं भरले. सर्व्हरचंही तसंच होतं. जून २०२५मध्ये राउंडक्यूबमधली एक गंभीर त्रुटी उघड झाली. ती दहा वर्षांहून जास्त काळ प्रोग्रॅममध्ये पडून होती, आणि कुठल्याही एका खात्याचा पासवर्ड हाती असलेल्याला सर्व्हरवर ताबा मिळवू देत होती. १.६.११ या आवृत्तीत ती बुजवली गेली. ज्यांनी नवी आवृत्ती चढवली नाही, त्यांचा सर्व्हर उघडाच राहिला. तसंच, बसवणी संपताच इन्स्टॉलरचा फोल्डर काढून टाकणं सक्तीचं मानावं.

जिल्ह्याच्या ठिकाणी आणखी एक अडथळा येतो. घरगुती ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बदलता असतो, सर्व्हरकडून सर्व्हरकडे मेल जाण्याचं पोर्ट २५ बहुधा बंद असतं, आणि आयपीच्या उलट नोंदीवाचून (रिव्हर्स डीएनएस) आलेला मेल मोठ्या सेवा स्पॅममध्ये टाकतात किंवा परत पाठवतात. पाठवणाऱ्या डोमेनची ओळख पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी नसल्या तर तेच. म्हणून सर्व्हर भाड्यानं बाहेर घ्यावा, ज्ञान मात्र इथंच ठेवावं.

वाचकहो, आधी एखाद्या रिकाम्या संगणकावर तीन-चार खोटी खाती काढून सराव करा. तो पक्का झाल्याशिवाय संस्थेच्या चालू मेलला हात लावू नका, आणि लावण्याआधी पेट्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या.