पाळणाघर आणि मुलाचा दिवस

पाळणाघर ही आजच्या शहरी जीवनाने काढलेली सोय आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः फिर्मँ मार्बो या गृहस्थांनी १८४४ साली पॅरिसमध्ये मोलमजुरी करणाऱ्या मातांच्या तान्ह्यांसाठी असे गृह उघडले. रात्री व रविवारी ते बंद राही. दिवसाही मातेने येऊन मुलास अंगावर पाजावे, अशी अपेक्षा असे. मूल सांभाळावे, पण आईपासून तोडू नये, हे त्यामागील सूत्र होते.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांना पाळणाघर सक्तीचे केले. त्याच कायद्याने मातेच्या कामाला दिवसाकाठी नऊ तासांची मर्यादा घातली होती. भोंगा वाजला, की आईबरोबर मुलाचीही सुटी होई.

घरगुती पाळणाघरात असा भोंगा नाही. कचेरीत उशीर होतो, गाडी चुकते आणि मुलाचा दिवस नकळत अकरा-बारा तासांवर जातो. म्हणून मूल ठेवतानाच त्याला नेण्याची वेळ ठरवावी आणि ती कसोशीने पाळावी. कामाच्या तासांना मर्यादा हवी, ही मागणी कामगारांनी लढून मान्य करून घेतली. तान्ह्या मुलाला ती करता येत नाही. त्याच्या वतीने ती आपणच करावयाची आहे.